छपराखालचे कापड आणि त्यावर उभा राहणारा माणूस

मानेसरच्या औद्योगिक वसाहतीकडे उंचावरून पाहिले, तर जमीन कमी आणि पत्रे अधिक दिसतात. दिल्लीच्या नैर्ऋत्येस, गुरुग्रामच्या पुढे, राष्ट्रीय महामार्ग ४८च्या कडेला अरवलीच्या उतरंडीवर वसलेले हे गाव एका पिढीपूर्वीपर्यंत शेतीचे होते. २००१मध्ये होंडाच्या दुचाकींचे उत्पादन येथे सुरू झाले, २००७च्या फेब्रुवारीत मारुती सुझुकीच्या कारखान्याचे उद्घाटन झाले आणि त्यांच्या मागोमाग सुटे भाग बनवणाऱ्या असंख्य शेड उभ्या राहिल्या. या शेडच्या छपरांत वरून दिसतो तो पत्रा. त्याच्या खाली, किंवा शेजारच्या निवासी इमारतींच्या गच्चीवरील फरशीच्या खाली, आणखी एक पातळ थर असतो. कधी तो डांबरात भिजवलेल्या कापडाचा असतो, कधी प्लास्टिकच्या विणलेल्या पट्ट्यांचा, कधी पॉलिएस्टरच्या न विणलेल्या चटईचा. वरचे आवरण चुकले तर पाणी अडवणे, हे त्याचे काम.

या थराचा इतिहास बहुतेक वेळा पाण्याच्या बाजूने सांगितला जातो. पाणी कोठून शिरले, कशाने अडले, किती वर्षे अडले. परंतु छपरावर पाण्याखेरीज आणखी एक जण येतो. तो माणूस असतो, त्याच्या पायात बहुधा साधी चप्पल असते, आणि ज्या पृष्ठभागावर पाणी टिकू नये अशी सर्वांची इच्छा असते, त्याच पृष्ठभागावर त्याला मात्र टिकून राहायचे असते. या दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध जातात. पाण्याला नकार देणारे पदार्थ बहुतेक गुळगुळीत असतात, आणि गुळगुळीत पदार्थ पायाला आधार देत नाहीत.

मानेसर परिसरातील जुन्या घरांना हा पेच फारसा ठाऊक नव्हता. तेथे वर्षाला सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यतः जुलै ते सप्टेंबर या काळात. छपरे सपाट असत. कडीपाटावर किंवा दगडी शिळांवर मातीचा जाड थर द्यायचा, त्यावर गवताचा भुसा मिसळलेल्या चिखलाचा गिलावा. उत्तर भारतात या पद्धतीला ‘मड फुस्का’ असे नाव पडले. पुढे सिमेंट-काँक्रीटच्या स्लॅबवरही हीच माती पसरली गेली, फक्त तिच्याखाली गरम डांबराचा एक हात आणि वर विटांच्या पातळ फरश्या आल्या. भारतीय मानक संस्थेने ही लोकरीत नाकारली नाही. तिच्यासाठी ‘आयएस २११५’ हे स्वतंत्र मानकच तयार केले. दहा सेंटिमीटर मातीचा थर एका चौरस मीटरवर दीडशे किलोहून अधिक वजन टाकतो, हे खरे. पण तोच थर मे महिन्याचा दाह अडवतो, पावसाचे पाणी शोषून धरतो आणि ऊन पडताच सोडून देतो. त्या छपरावर धान्य वाळत घातले जाई, उन्हाळ्यात खाटा टाकून घरदार झोपत असे. पाय घसरण्याचा प्रश्नच नव्हता, कारण उतार जेमतेम होता आणि पृष्ठभाग खरखरीत.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला कोकण. तेथे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस ही सामान्य गोष्ट, आणि आंबोलीसारख्या घाटमाथ्यावर त्याहून दुपटीने अधिक. अशा ठिकाणी पाणी शोषून धरणारे छप्पर म्हणजे कोसळणारे छप्पर. म्हणून पाखी तीव्र उताराची, आणि पाणी थोपवण्याऐवजी ते वेगाने वळचणीपर्यंत नेण्याची व्यवस्था. पूर्वी गवत, पेंढा किंवा माडाच्या झापांनी घर शाकारत. शाकारणीचा प्रत्येक पदर खालच्या पदरावर चढलेला असे. एकावर एक चढलेले असे अनेक पदर हे आजच्या दुहेरी छपराचेच पूर्वरूप आहे, कारण वरच्या काडीतून सुटलेला थेंब खालच्या काडीवर पडून पुढे सरकतो. त्यानंतर नळीची कौले आली, आणि १८६५मध्ये बासेल मिशनच्या गेऑर्ग प्लेब्स्ट यांनी मंगळूरला कौलांचा कारखाना काढल्यावर एकमेकांत अडकणारी चपटी कौले पश्चिम किनाऱ्यावर पसरू लागली. खाचा असलेल्या अशा कौलाची मूळ कल्पना फ्रान्समधील आल्सास प्रांताची. गिलार्डोनी बंधूंनी १८४१मध्ये तिचे पेटंट घेतले होते.

मंगळुरी कौलाने छप्पर हलके आणि नीटनेटके केले, पण त्याबरोबर एक गोष्ट गेली. गवताच्या शाकारणीत दहा पदर होते, कौलात एकच उरला. सांध्याच्या खाचेवर सारी भिस्त. वाऱ्याचा वेग सेकंदाला ३० मीटर झाला की त्याचा दाब सुमारे ५४० पास्कल होतो. एवढा दाब पाण्याचा जवळजवळ साडेपाच सेंटिमीटर उंचीचा स्तंभ तोलून धरू शकतो. म्हणजे पश्चिमेचा झंझावात कौलाच्या सांध्यातील पाणी उताराच्या उलट दिशेने, वर ढकलू शकतो. ज्यांनी आषाढात कौलारू घरात रात्र काढली आहे, त्यांना हे गणित तोंडावर आलेल्या बारीक तुषारांतून कळलेले असते. उपायही लोकांनीच काढला. संपन्न घरांत कौलांखाली दुसऱ्या, सपाट कौलांचे अस्तर येई. इतरत्र वाशांवर बांबूचे तट्टे टाकीत, आणि पुढे प्लास्टिक स्वस्त झाल्यावर त्या जागी मेणकापड आले. ‘मेणकापड’ हा शब्द मेण लावलेल्या कापडाचा, पण पिशवीच्या प्लास्टिकलाही मराठीने तेच नाव देऊन टाकले. ताडपत्रीचेही तसेच. आता तिच्यात ताड नाही आणि पत्रही नाही, नावात मात्र दोन्ही आहेत.

दरवर्षी मृगाच्या आधी कौले परतली जात. फुटलेली काढायची, सरकलेली बसवायची, पालापाचोळा झाडायचा. हे काम करणारा माणूस कौलाच्या मधोमध पाऊल टाकीत नसे. खाली रीप कोठे आहे याचा अंदाज घेऊन, तिच्याच रेषेत भार देत तो आढ्याकडे सरके. कोरड्या मातीच्या कौलावर पाय बरा टिकतो. पण पावसाळ्यात मधूनच गळती लागली आणि वर चढावे लागले, तर शेवाळाने तेच कौल साबणासारखे होते. तीस अंशांच्या उतारावर उभे राहायचे, तर पाऊल आणि छप्पर यांच्यातील घर्षणाचा गुणांक किमान ०.५८ असावा लागतो, वीस अंशांवर ०.३६. ओल्या शेवाळावर एवढे घर्षण मिळत नाही. या कामात किती जण पडले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. घर गळाले की त्याची आठवण घरात राहते, पण गडी पडला तर ती त्याच्याच घरी राहते.

कापड आणि डांबर यांची जोडी युरोपातून आली. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये डांबरी कागदाची छपरे होऊ लागली होती. १८२३मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिन्टॉश यांनी दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या नाफ्थात रबर विरघळवून दोन कापडांच्या मध्ये ते भरले आणि पाणी न शिरणाऱ्या कापडाचे पेटंट घेतले. ते कापड अंगावर घालण्यासाठी होते, पण कापडाने ताकद द्यायची आणि त्यातील चिकट पदार्थाने पाणी अडवायचे, ही कामाची वाटणी छपराच्या कापडातही आजतागायत टिकली आहे. एकोणिसाव्या शतकात केस, चिंध्या आणि कागदाचा लगदा यांपासून बनवलेला नमदा डांबरात बुडवून छपरांवर पसरला जाऊ लागला. अमेरिकेत त्याला वजनावरून क्रमांक पडले. ‘पंधरा नंबर’चा नमदा म्हणजे शंभर चौरस फुटांना पंधरा पौंड, मेट्रिक हिशेबात चौरस मीटरला सुमारे पाऊण किलो.

भारतात या नमद्याला हाताशी असलेला कच्चा माल मिळाला. तो म्हणजे ताग. गोणपाटाच्या विणीवर बिटुमेन चढवलेले नमदे येथे बनू लागले आणि स्वातंत्र्यानंतर ‘आयएस १३२२’ या मानकात गोणपाटाच्या पायाचा नमदा हा एक अधिकृत प्रकार ठरला. बोलीत त्याला सरसकट ‘टारफेल्ट’ म्हणतात. तो गच्चीवर चिकटवण्यासाठी जे बिटुमेन वितळवतात, त्याच्या डब्यावर ‘८५/२५’ असा आकडा असतो. पहिला आकडा ते कोणत्या अंश सेल्सिअसला मऊ पडते ते सांगतो, दुसरा त्यात प्रमाणित सुई किती रुतते ते. उत्तरेच्या उन्हात साधे, रस्त्याचे बिटुमेन वापरले तर ते उतारावरून ओघळू लागते, म्हणून हवा फुंकून घट्ट केलेला हा प्रकार. तागाची खोड मात्र जुनीच राहिली. कोठे चीर पडून ओल आत शिरली की धागा कुजतो, आणि वरचे डांबर शाबूत असतानाही आतली ताकद निघून जाते. त्यामुळेच पुढे काचतंतू आणि पॉलिएस्टर यांनी त्याची जागा घेतली.

या नमद्याची एक गोष्ट सहसा कोणी नोंदवीत नाही. गुंडाळी उलगडताना थर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यावर बारीक वाळू किंवा खनिजाची भुकटी भुरभुरलेली असे. हेतू होता तो गुंडाळीचा. पण वाळू भुरभुरलेल्या नमद्याच्या खरखरीतपणामुळे त्यावर चालणाऱ्याचा पाय टिकत असे. म्हणजे घसरण रोखण्याचा गुण त्यात आला तो योगायोगाने, आणि योगायोगाने आलेल्या गुणाचे जे होते तेच पुढे त्याचे झाले. पदार्थ बदलला, तेव्हा तो गुण सोबत घ्यायला कोणाला सुचले नाही.

मुंबईने मधल्या काळात वेगळाच मार्ग धरला होता. सपाट गच्ची आणि कोकणाचा पाऊस हे बिनसोयीचे लग्न या शहराने लावून दिले, आणि ते टिकवण्यासाठी विटांच्या तुकड्यांचा कोबा शोधला. पूर्वीचा कोबा चुन्याचा असे. त्यात गूळ आणि बेलफळाचा गर मिसळून तो थापीने दिवसचे दिवस चोपला जाई. सिमेंट आल्यावर विटांचे तुकडे उतार देऊन मसाल्यात बसवायचे, वर सिमेंटचा हात फिरवायचा आणि ओला असतानाच त्यावर दोरीने चौकटी उमटवायच्या, अशी रीत पडली. त्या चौकटी भेगांना वाट देण्यासाठी असल्या, तरी ओल्या गच्चीवर पायाला अडकायलाही त्या उपयोगी पडतात. कोबाही शेवटी गळतोच. मग दर जूनमध्ये चाळींवर, झोपड्यांवर आणि मोठ्या सोसायट्यांच्याही पाण्याच्या टाक्यांभोवती निळ्या ताडपत्र्या पसरतात. या निळ्या रंगामागे मुंबईच्याच रसायन उद्योगाचा हात आहे. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ट्रॉम्बे येथे युनियन कार्बाइडचा आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोसिलचा नाफ्था-भंजन प्रकल्प सुरू झाला, आणि पॉलिथिनचा कच्चा माल या शहराच्या वेशीवर तयार होऊ लागला.

पॉलिथिनचा शोध १९३३मध्ये इंग्लंडमध्ये आयसीआय या कंपनीत लागला, तोही दुसऱ्याच प्रयोगाच्या ओघात. १९५४मध्ये मिलानला जूल्यो नात्ता यांनी पॉलिप्रॉपिलिनची साखळी शिस्तीत रचून दाखवली आणि १९६३मध्ये कार्ल झीग्लर यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले. १९५५मध्ये अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत जिम व्हाइट यांना एका नळीतून बाहेर पडणारा पांढरा, कापसासारखा पॉलिथिनचा पुंजका दिसला. त्यातूनच पुढे टायव्हेक हे न विणलेले कापड आले. या पदार्थांनी छपराखालच्या थराचे अर्थकारण उलटे केले. पॉलिप्रॉपिलिनच्या पातळ पट्ट्या विणायच्या, त्यांवर त्याच जातीच्या प्लास्टिकचा लेप द्यायचा, की चौरस मीटरला शंभर-दोनशे ग्रॅमचे कापड तयार. डांबरी नमद्याच्या एक चतुर्थांशाहून कमी वजन, कुजणे नाही, फाटण्यास अधिक चिवट. एक माणूस खांद्यावर अख्ख्या छपराचे अस्तर घेऊन शिडी चढू शकतो.

आणि वर पोचल्यावर घसरू शकतो. लेप दिलेले प्लास्टिक ओले झाले की पाऊल आणि पृष्ठभाग यांच्यात पाण्याचा पातळ पडदा साचतो. नमद्यावरची वाळू येथे नव्हती, मऊ डांबरात किंचित रुतणारी टाचही नव्हती. शिवाय घसरण्याच्या जागा एक नसून दोन झाल्या. बूट कापडावरून सरकतो हे उघड आहे, पण कापड खालच्या फळीवरून सरकते आणि माणसाला सोबत घेऊन जाते, हे अनुभव आल्यावरच कळले. मग निर्माते जागे झाले. वरच्या बाजूला न विणलेल्या तंतूंचा लवदार थर, पृष्ठभागावर उठाव, रबरासारख्या मऊ बहुलकाचा लेप, आणि खालच्या बाजूलाही पकड घेणारे आवरण, असे उपाय आले. तत्त्व साधे आहे. पाण्याला बाजूला सरायला जागा द्यायची, म्हणजे बुटाचा तळ पाण्यावर न टेकता कापडावर टेकतो. पाणी अडवणारा थर मध्ये, पाय धरणारा थर वर. मॅकिन्टॉशच्या कापडातील कामाच्या वाटणीत तिसरे काम जोडले गेले, पण त्यासाठी दीड शतकाहून अधिक काळ लागला. डांबरी पटलांच्या बाबतीत असेच झाले. पॉलिएस्टरच्या चटईवर चढवलेल्या आधुनिक पटलांवर दगडी खड्यांचा जो थर असतो तो मुळात सूर्याच्या अतिनील किरणांपासून बचावासाठी. पायाला मिळणारा आधार पुन्हा फुकटचा.

घसरण मोजायची कशी, याचे सर्वांत प्रामाणिक उत्तर जर्मनांनी दिले. त्यांच्या ‘डीआयएन ५११३०’ या चाचणीत फरशी एका फळीवर बसवतात, तिच्यावर तेल ओततात, आणि सुरक्षेचा पट्टा बांधलेला एक माणूस ठरावीक बूट घालून तिच्यावर पुढे-मागे चालतो. फळीचा उतार हळूहळू वाढवत नेतात. ज्या कोनात तो घसरतो, तो कोन नोंदवून फरशीला ‘आर ९’ ते ‘आर १३’ यांपैकी श्रेणी देतात. यंत्र कितीही आले, तरी येथे मोजमापाचे साधन माणसाचे शरीर आहे. कोकणातील कौले परतणारे गडी हीच चाचणी दर वैशाखात देत आले. पट्टा नव्हता आणि कोनही कोणी लिहून घेतला नाही, एवढाच फरक.

मानेसरच्या शेडकडे परतले, तर प्रश्न नव्या रूपात दिसतो. तेथील पत्र्याचा उतार बहुधा दहास एक किंवा त्याच्या आसपास, म्हणजे जेमतेम सहा अंश. घर्षणाचा गुणांक ०.१ असला तरी माणूस उभा राहू शकेल. तरीही ही छपरे धोक्याची आहेत. उन्हाळ्यात पत्र्यावर राजधानी परिसराची बारीक धूळ साचते आणि पहिल्या सरीत तिचा निसरडा लेप होतो. पत्र्यांच्या मध्ये उजेडासाठी बसवलेले अर्धपारदर्शक तावदान उन्हाने ठिसूळ झालेले असते आणि धुळीखाली ते पत्र्यासारखेच दिसते. घसरलेला पाय कोठे जाऊन टेकेल, हे मग नशिबावर. शिवाय पत्रा स्वतःच स्थिर नसतो. जानेवारीच्या पहाटे पाच अंशांवर असलेला पत्रा जूनच्या दुपारी ६५ अंशांना पोचला, तर तीस मीटर लांबीत तो सुमारे दोन सेंटिमीटर वाढतो. हे दरवर्षीचे ताणणे-आखडणे स्क्रूची भोके रुंद करते आणि पाणी तेथूनच शिरते. हिवाळ्यात आणखी एक पाणी येते, जे आकाशातून पडतच नाही. रात्री पत्रा हवेपेक्षा थंड होतो, आतल्या दमट हवेतील बाष्प त्याच्या खालच्या बाजूला जमते आणि यंत्रांवर टपकते. त्यामुळे पाऊस कमी असूनही मानेसरला छपराखाली दुसरा थर लागतोच. शेडमध्ये तो बहुधा तारेच्या जाळीवर पसरलेला, चकचकीत पन्नी लावलेला काचलोकरीचा असतो. ही जाळी अस्तर पेलण्यासाठी असते. माणूस पेलण्यासाठी ती बनवलेली असेलच असे नाही, आणि वरून पाहणाऱ्याला हा भेद दिसत नाही.

कायद्याने या माणसाकडे पाहिले नाही असे नाही. १९४८च्या कारखाने अधिनियमातील ३२व्या कलमात जमिनी, जिने आणि वाटा घसरण्यास कारण होणाऱ्या पदार्थांपासून मुक्त ठेवाव्यात, आणि उंचावरून पडण्याचा संभव असेल तेथे कुंपणाची वा अन्य सोय करावी, असे म्हटलेले होते. बांधकाम कामगारांसाठी १९९६मध्ये स्वतंत्र कायदा झाला. मात्र कायदा जागेकडे आणि मालकाकडे बोट दाखवतो, कापडाकडे नाही. छप्पर बसवण्याचे काम कारखान्याचा कायम कामगार करीत नाही. ते कंत्राटदाराच्या कंत्राटदाराकडे जाते, आणि त्या साखळीत अस्तर निवडणारा व त्यावर चालणारा यांची गाठही पडत नाही.

२०२०च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने १,४८० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र मोहिमेला मान्यता दिली. तांत्रिक वस्त्रांच्या बारा शाखांपैकी बांधकामाची शाखा ‘बिल्डटेक’ या नावाने ओळखली जाते आणि छपराखालचे कापड तिच्यातच मोडते. मुंबईत घाटकोपरला १९५४पासून बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन आणि वरळीला १९५०पासून सस्मिरा या संस्था कापडाच्या चाचण्या करीत आल्या आहेत. कापड किती वजनाचे, किती ताणाला तुटते, पाण्याच्या किती उंच स्तंभाखाली झिरपते, किती दिवस ऊन सोसते, हे सांगणाऱ्या रीती पक्क्या झालेल्या आहेत. ओल्या अवस्थेत, उतारावर, धूळ पडलेली असताना आणि भारतीय बांधकामावर खरोखर घातली जाणारी पादत्राणे घालून त्यावर माणूस किती अंशांपर्यंत उभा राहतो, हा आकडा खरेदीच्या कागदावर वजन आणि जलस्तंभ यांच्या शेजारी लिहिण्यासारखा आहे. आच्छादन बसले की ते कापड दहा-वीस वर्षे कोणाच्या दृष्टीस पडत नाही. माणूस त्यावर चालतो ते त्यापूर्वीचे काही दिवस, आणि मानेसरमध्ये घाईची बांधकामे उरकण्याची मुदत बहुधा पावसाच्या तोंडावरच येते.